मोरचूद, चुना आणि द्राक्षाचे पान

फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर जंगाल किंवा मोरचूद चुन्यात कालवून शिंपडण्याची रीत होती. तिचा रोगाशी काही संबंध नव्हता. येणारे-जाणारे लोक घोस तोडून खात, म्हणून कडेच्या ओळी निळ्या-हिरव्या डागांनी विद्रूप करून ठेवायच्या, म्हणजे विषाच्या धास्तीने कोणी हात लावणार नाही, एवढाच हिशेब. १८८२ च्या ऑक्टोबरअखेर बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सें-जुलियँ गावाजवळच्या मळ्यांतून जात होते. त्या वर्षी डाऊनी नावाच्या बुरशीच्या रोगाने मळेच्या मळे ओकेबोके केले होते. हा रोग अमेरिकेतून आलेला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये पहिल्यांदा नोंदला गेला आणि चार वर्षांत देशभर पसरला. आतल्या वेलींवर पान उरले नव्हते, पण रस्त्याकडेच्या डागाळलेल्या वेली मात्र पानांसह उभ्या होत्या. मिलार्दे यांनी चौकशी केली, चोरांसाठीची युक्ती समजून घेतली आणि पुढची अडीच वर्षे प्रयोगांत घालवली. १८८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली कृती अशी होती: ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात विरघळवायचे, १५ किलो कळीचा चुना ३० लिटर पाण्यात विझवायचा आणि दोन्ही एकत्र करायचे. हेच बोर्डो मिश्रण. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांपासून कोकण-गोव्याच्या सुपारीच्या कुळागरांपर्यंत ते आजही वापरात आहे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी योगायोगाची म्हणून सांगितली जाते: चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातला योगायोग फार फुगवलेला आहे. तांब्याने रोगकारक बुरशी मरते, हे मिलार्दे यांच्या पाऊणशे वर्षे आधी माँतोबाँ गावच्या बेनेदिक्त प्रेव्होस्त यांनी दाखवले होते. गव्हाच्या काणी रोगाचे बीजाणू ते पाण्यात रुजवून पाहत असत. तांब्याच्या भांड्याशी संबंध आलेल्या पाण्यात बीजाणू रुजत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यावरून त्यांनी बियाणे मोरचुदाच्या पाण्यात भिजवण्याचा उपाय सुचवला. त्यांचा प्रबंध १८०७ चा. काणी हा सजीव परोपजीवीचा प्रताप आहे, हे म्हणणे त्या काळच्या विद्वानांच्या गळी उतरले नाही आणि प्रेव्होस्त मागे पडले. तिकडे बर्गंडीत १८८४ च्या सुमारास मळेवाल्यांना वेगळेच काही दिसले. कुजू नयेत म्हणून मोरचुदात भिजवलेल्या खुंटांना वेली बांधल्या, तर त्या खुंटांलगतची पाने शाबूत राहत. इटलीत काहीजण नुसत्या चुन्याच्या पाण्याने वेली धूत होते. म्हणजे तांबे माहीत होते, चुना माहीत होता आणि रोगावर त्यांचा परिणामही चार ठिकाणी चार जणांना दिसला होता. मेडॉकच्या रस्त्याने यात भर घातली ती दोघांच्या एकत्र येण्याची. माझे म्हणणे असे की बोर्डोचा खरा शोध तांब्याचा नाही. विरघळलेले तांबे न विरघळणाऱ्या बारीक कणांत बांधून पानावर ठेवणे, हा तो शोध आहे. हे मानले, तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत धातूंचे नॅनोकण आणि वनस्पतींतली प्रथिने यांच्याबद्दल जे वाद रंगले आहेत त्यांची पाळेमुळे थेट या मळ्यांपर्यंत जातात.

यासाठी आधी तांबे पेशीत करते काय, हे पाहायला हवे. तांब्याच्या आयनाला प्रथिनांतले दोन अमिनो घटक फार ओढतात: गंधक असलेले सिस्टीन आणि नायट्रोजनचे कडे असलेले हिस्टिडीन. विकरांच्या कामाच्या जागी हेच घटक बऱ्याचदा असतात. तांबे तिथे जाऊन बसले, की विकर बंद पडते, प्रथिनाची घडी मोडते, आणि शिवाय तांबे इलेक्ट्रॉनची देवघेव करत राहून ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार करते. अडचण अशी की या बाबतीत तांबे बुरशी आणि द्राक्ष असा भेद करत नाही. सिस्टीन दोघांच्याही प्रथिनांत आहे. नुसते मोरचुदाचे पाणी पानावर मारले तर डाऊनी मरेल आणि पानही करपेल. त्यातही गंमत अशी की पानाला तांबे हवेच असते. १९३१ मध्ये अ‍ॅना सॉमर यांनी, तसेच स्वतंत्रपणे लिपमन आणि मॅकिनी यांनी, तांब्यावाचून वनस्पती वाढू शकत नाही हे सिद्ध केले. फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांचे शेंडे वाळण्याच्या विकारावर बोर्डो गुण देते, हे त्याआधीच दिसून आले होते. रोग बुरशीचा नसून तांब्याच्या कमतरतेचा होता, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते. पुढे १९६० मध्ये जपानचे साकाए कातोह यांनी हरितलवकातले प्लास्टोसायनिन हे प्रथिन वेगळे केले. ते चक्क निळे असते. त्यात तांब्याचा एक अणू दोन हिस्टिडीन, एक सिस्टीन आणि एक मेथिओनीन यांच्या मध्ये अडकवलेला असतो, आणि प्रकाशसंश्लेषणातला इलेक्ट्रॉन त्याच्यावरूनच पुढे सरकतो. जे तांबे बाहेरून आले की घात करते, तेच आत नेमक्या जागी बसले की पान चालवते.

म्हणून सजीवांनी तांब्याला कधीच मोकळे सोडलेले नाही. यीस्टवर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये हिशेब मांडला, की पेशीत तांब्याचे हजारो अणू असले तरी सुटा आयन सरासरीने एका पेशीमागे एकही पडत नाही. प्रत्येक अणू एका प्रथिनाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो. या पार्श्वभूमीवर चुन्याचे काम स्पष्ट होते. चुन्यामुळे मोरचुदातले तांबे निळ्या, जवळजवळ न विरघळणाऱ्या साक्यात बदलते. पानाच्या मेणचट त्वचेवर हे कण चिकटून राहतात आणि आतल्या प्रथिनांपर्यंत पोचण्याइतके तांबे एका वेळी सोडत नाहीत. डाऊनीची स्थिती नेमकी उलट असते. तिचे पोहणारे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात फिरतात आणि त्यांना पेशीभित्तिकाच नसते. कणांभोवतीच्या पाण्यात तांब्याचा अंशमात्र असला तरी तो त्यांना पुरतो. आजचे वर्गीकरण डाऊनीला खरी बुरशी मानत नाही, ती शेवाळांच्या एका गटाच्या जवळची आहे. पण बागेत तिला बुरशीच म्हणतात आणि इथेही तसे म्हटल्याने काही बिघडत नाही. सांगायचे ते एवढेच, की बोर्डोमधली निवड विषात नव्हती. ती कण कुठे ठेवला आणि तो किती सावकाश विरघळला, यात होती. मिलार्दे यांनाही हे बऱ्याच अंशी उमगले होते. औषध रोग बरा करत नाही, बीजाणू रुजण्याआधी ते पानावर असले पाहिजे, हा आग्रह त्यांनी पहिल्यापासून धरला.

शेतकऱ्यांच्या व्यवहारात या कणाची काळजी किती बारकाईने घेतली गेली, हे पाहण्यासारखे आहे. मिश्रण ताजेच वापरायचे, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे नाही, हा नियम जगभर सारखा आहे. कारण ताज्या साक्यातले कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि पानाला घट्ट धरून बसतात. तो साका मुरला, की त्यांचे जाड गोल स्फटिक बनतात आणि पाऊस ते सहज धुऊन नेतो. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत, लाकडाच्या किंवा मातीच्या, हल्ली प्लास्टिकच्या, कालवायचे. दाट द्रावणे एकमेकांत ओतायची नाहीत. थंड झाल्यावरच एकत्र करायचे. आपल्याकडे आजही १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे प्रमाण सांगतात. मिश्रणात विळा किंवा लोखंडी पाते बुडवून बघायची पद्धतही सर्वांना माहीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, आणखी चुना घाला. रसायनाच्या भाषेत बोलायचे तर ही विरघळलेल्या आयनाची चाचणी आहे, आणि ती करणाऱ्याला आयन हा शब्द माहीत असण्याची गरज नव्हती. पहिल्या काही वर्षांत फ्रेंच मजूर झाडूच्या कुंच्यांनी हे मिश्रण वेलींवर उडवत. थोड्याच काळात व्हिलफ्रांशच्या व्हिक्टर व्हर्मोरेल यांच्या कारखान्यातून पाठीवरचे फवारणी पंप बाहेर पडू लागले, आणि तेव्हापासून कण अधिक बारीक तुषारांत, अधिक एकसारखे बसू लागले.

रसायनशास्त्रज्ञांना मात्र एक प्रश्न छळत राहिला. हे तांबे पाण्यात विरघळत नाही, मग बीजाणू मरतो कसा? मिलार्दे आणि त्यांचे सहकारी, पाश्चर यांच्या तालमीत तयार झालेले युलिस गेयाँ, यांचा रोख दवातल्या आणि पावसातल्या कार्बन डायऑक्साइडकडे होता: त्याने थोडेसे तांबे सुटते. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे स्पेन्सर पिकरिंग यांनी हाच धागा पकडून मिश्रणात नेमकी कोणती क्षारके बनतात आणि हवेने ती कशी बदलतात, यावर वर्षानुवर्षे काम केले. लाँग ॲश्टनच्या बार्कर आणि गिमिंगहॅम यांना ते पटले नाही. हवेने सुटणारे तांबे अपुरे पडते, बुरशी कणाला भिडते तेव्हा ती स्वतःच तांबे ओढून घेते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वॉल्टर स्विंगल यांनी बोर्डोच्या रसायनावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती आणि क्लार्क यांनी १९०२ मध्ये बीजाणूच्या स्रावांवर बोट ठेवले होते. त्याच काळात विरघळलेल्या तांब्याचे सामर्थ्य किती आहे याचा अंदाज वेगळ्या दिशेनेही येत होता. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या १८९३ च्या निबंधात कोट्यवधी भाग पाण्यातला तांब्याचा एक भाग स्पायरोगायरा शेवाळाला मारतो, अशी नोंद होती. हेच ते नेगेली, ज्यांनी मेंडेल यांच्या पत्रांना फारशी किंमत दिली नव्हती. या विषयात मात्र त्यांची नजर चुकली नाही.

वादाला निर्णायक वळण मिळाले ते १९३६ मध्ये. न्यूयॉर्कजवळच्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत मॅक्कॅलन आणि विल्कॉक्सन यांनी बीजाणू भिजत ठेवलेले पाणी तपासले. त्या पाण्यात मॅलिक आम्ल आणि अमिनो आम्ले उतरली होती, आणि अशा पाण्यात बोर्डोच्या साक्यातले तांबे कितीतरी पट अधिक विरघळत होते. रुजण्याची तयारी करणारा बीजाणू प्रथिनांचे हे घटक बाहेर टाकतो, ते कणातले तांबे उचलतात आणि बीजाणूच्या प्रथिनांपर्यंत पोचवतात. म्हणजे कण निष्क्रिय पडलेला असतो आणि समोरचा जीव आपल्याच रसायनाने त्याला जागा करतो. संख्याशास्त्र शिकलेल्यांना विल्कॉक्सन हे नाव ओळखीचे वाटेल. त्यांच्या नावाची प्रसिद्ध चाचणी याच माणसाची आहे, आणि तो बुरशीनाशकांवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ होता. या वादाचे मूळ स्वरूप लक्षात ठेवण्याजोगे आहे: परिणाम कणाचा, की कणातून सुटलेल्या आयनाचा? आज कॉपर ऑक्साइड, चांदी किंवा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण रोपाला देऊन त्यातल्या विकरांची पातळी मोजणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत पहिला प्रश्न हाच विचारला जातो. मक्याच्या मुळांना कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण दिले तर त्यांतले तांबे खोडातून वर चढते आणि पुन्हा खाली येते, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. त्यातही कण किती आणि सुटलेले तांबे किती, हे वेगळे काढणे हाच कळीचा भाग होता.

आता सर्वात जड आक्षेपाकडे येतो. नॅनोकण ही सर्वस्वी नवी चीज आहे, असे कोणी म्हणेल. बोर्डोचा साका पानाच्या पाठीवर बसून राहतो. नॅनोमीटरच्या मापाचा कण पर्णरंध्रातून, कधी मुळातून आत शिरतो. आत गेला, की प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि कणाला प्रथिनांचा अंगरखा चढतो; त्यानंतर पेशीला भेटतो तो धातू नव्हे, अंगरखा. २००७ मध्ये डब्लिनच्या केनेथ डॉसन आणि स्वीडनच्या सारा लिन्से यांच्या गटांनी ही कल्पना ठळकपणे मांडली. प्रथिने येतात, जातात, घट्ट चिकटणारी मागे राहतात आणि कणाची ओळख त्यांच्यावर ठरते. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला निम्मा भाग मला मान्यही आहे. आत शिरणारा कण आणि पानावर पडून राहणारा कण यांत फरक आहेच. वनस्पतीच्या पेशीभोवती भित्तिकेची जाळी असते, तिची छिद्रे काही मोजक्या नॅनोमीटरची, त्यामुळे आत जाऊ शकणारा कण मुळात फार लहान असावा लागतो. शिवाय अंगरख्यावरचे बहुतेक काम रक्तातल्या प्रथिनांवर झालेले आहे. रोपांच्या रसातल्या प्रथिनांवर त्या मानाने फारच थोडे. पण कणाभोवती प्रथिन बसते आणि त्याचे वागणे बदलते, ही गोष्ट २००७ ची नाही. रिचर्ड झिगमाँडी यांनी १९०१ मध्ये सोन्याच्या लालभडक कलिलात जिलेटिन, अंड्यातला बलक सोडून उरलेला पांढरा भाग, डिंक असे पदार्थ घालून पाहिले. मीठ टाकले की सोन्याचे कण एकत्र येतात आणि लाल रंग जांभळा होतो. प्रथिन पुरेसे असेल तर रंग टिकतो. रंग टिकवण्यासाठी किती मिलिग्रॅम पदार्थ लागतो, त्यावरून त्यांनी त्या पदार्थाचा सुवर्णांक ठरवला. प्रथिनाने झाकलेला धातूचा कण वेगळा वागतो, याचे मोजमाप विसावे शतक उजाडतानाच सुरू झाले होते.

आणि शेतीने ते लगेच उचलले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फ्रान्स आणि अमेरिकेत बोर्डोत दुधातले केसीन मिसळू लागले. चुन्याबरोबर केसीनचे कॅल्शियम केसिनेट बनते, ते पानावर पसरते आणि तांब्याचे कण धरून ठेवते. एका प्रथिनाने कण झाकून दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध वापरायचा, असा हा प्रकार. दक्षिण भारतात पाऊसच इतका, की केसीनही पुरेसे पडले नसते. म्हैसूर संस्थानात १९०८ मध्ये आलेले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर काम केले. ऐन पावसाळ्यात घोसांतली कोवळी सुपारी कुजून गळते, असा हा रोग, आणि त्याचा कारक डाऊनीच्याच गटातला, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा. त्यापूर्वी घोसांवर गवताच्या टोप्या बांधणे एवढाच उपाय होता. कोलमन यांनी बोर्डोत राळ आणि सोड्याचे मिश्रण घालून ते सुपारीला असे चिकटवले, की तिथल्या मलनाड भागातला धो धो पाऊस झेलूनही थर टिकून राही. कोकणात आणि गोव्यात पावसाआधी एक आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी अशा फवारण्यांचा जो शिरस्ता पडला, तो याच परंपरेतला. उंच, बारीक पोफळीवर चढून शेंड्यावरूनच शेजारच्या झाडावर जाणाऱ्या माणसाच्या कौशल्याशिवाय या रसायनाला काही अर्थ नव्हता, हेही विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. धातूंचे नॅनोकण वनस्पतींच्या रसात घोटून बनवण्याची विद्या आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच होती, मग फ्रान्सचे कौतुक कशाला, असे विचारणारे भेटतात. रसशास्त्रात मोरचुदाला तुत्थ म्हणतात, ताम्रभस्म वनस्पतींच्या रसांची भावना देऊन आणि पुटे देऊन करतात, हे खरेच आहे. सुवर्णभस्माच्या काही नमुन्यांत नॅनोमीटरच्या मापातले स्फटिक आधुनिक सूक्ष्मदर्शकांनी दाखवले आहेत, हेही खरे. भस्माच्या पारंपरिक कसोट्याही मनोरंजक आहेत: पाण्यावर तरंगले तर वारितर, बोटाच्या रेषांत शिरले तर रेखापूर्ण, पुन्हा धातू झाले नाही तर अपुनर्भव. या कसोट्या कणाचा बारीकपणा व्यवहारात तपासतात आणि मेडॉकच्या किंवा नाशिकच्या विळ्याच्या चाचणीइतक्याच त्या आदरास पात्र आहेत. पण बारीक कण तयार होणे एक आणि कण कोणत्या प्रथिनाला का चिकटतो, हा प्रश्न पडणे वेगळे. तो प्रश्न रसशास्त्राने विचारलेला दिसत नाही, तसा मिलार्दे यांच्या मळ्यातल्या मजुरानेही विचारला नव्हता. परंपरेचा अभिमान बाळगण्यासाठी तिच्यावर नसलेले ज्ञान लादायची गरज नाही. याच शहाणपणाने पाहिले, तर या विषयात महाराष्ट्राचे खरे योगदान अलीकडचे आहे. टेक्सासच्या एल पासोमध्ये गार्डिया-टोरेस्डे यांच्या गटाने २००२ मध्ये जिवंत लसूणघासाच्या रोपात सोन्याचे नॅनोकण तयार होताना दाखवले. त्यानंतर दोनच वर्षांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिरेनियमच्या आणि कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात चांदीचे, तर गवती चहाच्या अर्कात सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले. अर्कातलेच रेणू धातूचे आयन क्षपित करतात आणि तयार झालेल्या कणाला लपेटून स्थिर ठेवतात. बोर्डोत पानावरच्या कणाला पानाच्या आतल्या प्रथिनांपासून दूर ठेवण्याचा खटाटोप होता. इथे पानाचा अर्कच कण घडवतो. प्रश्न मात्र तोच राहतो: कणाच्या अंगावर कोण बसले आहे?

तिसरा आक्षेप इतिहासाच्या मांडणीवर येऊ शकतो. प्रयोगशाळेतल्या उत्तरांशिवाय शेतकऱ्यांनी शंभर वर्षे बोर्डो यशस्वीपणे वापरले, तर मग कण, आयन आणि प्रथिने यांच्या चर्चेने नेमके काय साधले? याचे उत्तर झाडांनी आणि बुरशींनी स्वतःच दिले आहे. मिलार्दे यांच्या प्रकाशनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, जर्मनीत ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी सर्पगंधेच्या पेशींना कॅडमियमचा मारा केला तेव्हा त्या पेशींनी ग्लुटाथायोनपासून गंधकाने भरलेल्या छोट्या साखळ्या तयार केल्या आणि धातू त्यांत जखडून टाकला. फायटोकेलाटिन म्हणतात त्या याच. जनुकावरून थेट छापलेली ही प्रथिने नव्हेत. एक विकर ती गरजेपुरती जुळवते, आणि त्या विकराला चालू करतो तो धातूच. तांबेही त्यांना चालू करते. म्हणजे पान केवळ मेणाच्या आडोशाने वाचत नव्हते. आत पोचलेल्या थोड्या तांब्याला गुंडाळून ठेवण्याची यंत्रणा त्याच्याकडे होती. बुरशींकडेही आहे. द्राक्षवाइन आंबवणाऱ्या यीस्टच्या अनेक वाणांत तांबे बांधणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या एकीऐवजी अनेक प्रती सापडतात, आणि दीडशे वर्षे मळ्यांत मारलेल्या तांब्याचाच हा परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास आहे. डाऊनीला मात्र तांब्याची सवय लागलेली नाही. तांबे एकाच प्रथिनावर नव्हे, एकाच वेळी असंख्य प्रथिनांवर बसते, हे त्याचे कारण दिले जाते, आणि एकाच विकराला लक्ष्य करणारी नवी औषधे काही हंगामांत निकामी होतात तेव्हा या जुन्या धसमुसळ्या विषाची किंमत कळते.

या धसमुसळेपणाचा हिशेब मातीत जमा झाला आहे. तांब्याचे विघटन होत नाही. पानावरून धुतले गेले की ते वरच्या थरात बसते. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत ते इतके साठले आहे, की युरोपीय संघाने २०१८ मध्ये सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे, म्हणजे सरासरीने वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली. मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. त्या हिशेबाने मिलार्दे यांच्या मूळ कृतीच्या दोन घाण्यांतच हेक्टराचा सारा वर्षाचा कोटा संपतो. नॅनोकणांचे पुरस्कर्ते इथेच पुढे येतात: कण लहान केला तर पृष्ठभाग वाढतो, तांबे कमी लागते. युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण तो पुरा नाही. पृष्ठभाग वाढला की आयन सुटण्याचा वेगही वाढतो, आणि चुन्याने तांब्याला जो संथपणा दिला होता तोच हातचा जातो. पान करपण्याचा धोका परत येतो. म्हणून नवा कण घडवणाऱ्याला तांब्याचे वजन कमी झाले एवढे दाखवून भागणार नाही. पानाच्या प्रथिनांना त्यातले किती पोचले, हेही दाखवावे लागेल, आणि तुलनेला समान वजनाचे विरघळलेले तांबे ठेवावे लागेल. असे केलेले प्रयोग कमी आहेत, आणि जे आहेत त्यांत कणाचा म्हणून सांगितलेला बराचसा परिणाम आयनाच्याच नावावर जातो. मातीपुरता मात्र युरोपीय नियम बरोबर आहे. साका मुरून स्फटिक झाला काय किंवा नॅनोमीटरचा राहिला काय, मातीत शेवटी तेवढेच तांबे उरते, आणि मर्यादा घालताना वजनच मोजावे लागते.